विलोपन म्हणजे काय, टीचर?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर असल्फाच्या डोंगरावरची एक बाई माझ्याकडे कागद घेऊन आली. सोबत तिची सून होती, ती माझी जुनी विद्यार्थिनी. कागद अठरा दिवस पेटीत पडून होता. तो दाराला चिकटवलेला होता, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बघू नये म्हणून या बाईने तो पाण्याने भिजवून हळूच सोडवला, वाळवला आणि साड्यांच्या खाली ठेवून दिला. कारण डोंगरावर दाराला सरकारी कागद चिकटतो तो एकाच कामासाठी: तोडकाम. नवरा गावी गेलेला, मुलगा साकीनाक्याला रात्रपाळीवर. कुणाला दाखवायचा आणि का दाखवायचा? कागद मराठीत होता, शिक्का होता, एवढं तिला पुरेसं होतं.

तोडकामाचा नव्हताच तो. मतदार यादीतल्या तिच्या नावावर कुणीतरी नमुना ७ भरून हरकत घेतली होती. आपण 'सदर पत्त्यावर वास्तव्यास नसल्याबाबत' हरकत प्राप्त झाली असून अमुक तारखेस सुनावणीस उपस्थित राहावे, अन्यथा नावाचे विलोपन करण्याबाबत कार्यवाही करण्यात येईल. तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. जी बाई त्या पत्त्यावर राहत नाही म्हणे, तिच्याच दाराला तो कागद होता आणि तिनेच तो काढला होता.

सुनेने वाचून बघितलं होतं. तिने मला विचारलं, "टीचर, विलोपन म्हणजे काय?"

मी महानगरपालिकेच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. या मुलीला पाचवी ते सातवी मीच शिकवलं होतं. तिचं मराठी चांगलं आहे. बसमध्ये कुणी पाय दिला तर ती अशी मराठी बोलते की समोरचा माफी मागतो. पण 'विलोपन' मी तिला शिकवलं नव्हतं. मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या खेडच्या आजीने, जिला मराठीशिवाय दुसरी भाषा धड येत नव्हती, तिने हा शब्द मरेपर्यंत ऐकला नसेल. नाव कापतात, काढतात, वगळतात, खोडतात. विलोपन कोण करतं?

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. निवडणुकीचे कागद उर्दूत, हिंदीत, गुजरातीत मिळावेत का, हा वाद मुंबईत जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा तो मराठी विरुद्ध बाकीच्या भाषा असा लावला जातो. ही लावालावी खोटी आहे. मतदाराला मिळणारा कागद मराठीतही नसतो. तो कार्यालयीन भाषेत असतो, आणि ती भाषा घाटकोपरच्या भाजीवालीला जितकी परकी, तितकीच मुलुंडच्या निवृत्त जोशीकाकांना. फरक एवढाच की जोशीकाका फोन करून विचारू शकतात.

आता कुणी म्हणेल, बाई उर्दू शाळेतल्या, उर्दूचंच बोलणार. तर ऐका. मी कोकणी मुसलमान. घरात जी बोली बोलतो ती मराठीचीच लेक. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये अमर शेखांचा आवाज मैदान भरून टाकायचा, हे मी वडिलांकडून ऐकत वाढले. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या आठवणी आमच्या घरी निघत. मराठी ही माझी भाषा आहे आणि ती कुणी मला दाखल्यावर शिक्का मारून दिलेली नाही. तेव्हा मराठीवरच्या प्रेमाची परीक्षा माझी घेऊ नका. ती मी अठ्ठावीस वर्षं इतरांची घेतली आहे.

या नोकरीत आणखी एक काम आलं. शिक्षकांनाच बीएलओ करतात, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचा अधिकारी. तीन खेपा मी ते काम केलं. दुपारी शाळा सुटली की यादीचा गठ्ठा घेऊन गल्ल्या चढायच्या. म्हणून मी जे लिहिते आहे ते टीव्हीवरच्या चर्चेतून आलेलं नाही. दार उघडणाऱ्या बायकांकडून आलेलं आहे.

आपल्या देशाने मतदानयंत्रापाशी येणारा भाषेचा प्रश्न फार पूर्वी सोडवला. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून जास्त मतदार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी चिन्हं आणली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. आज ईव्हीएमवर चिन्ह आहे, २०१५पासून उमेदवाराचा फोटो आहे. बटण दाबायला भाषा लागत नाही. अमेरिकेत मतपत्रिकेवरच पानभर मजकूर असतो, जनमताचे प्रश्न असतात, म्हणून तिथे मतपत्रिकेच्या भाषांतरावर भांडण होतं. आपलं भांडण यंत्राच्या अलीकडचं आहे. त्या खोलीपर्यंत पोचायचं कसं, याचं. अर्ज, यादी, नोटीस, हरकत, सुनावणी. इथे चिन्ह नाही. इथे फक्त अक्षर आहे.

आणि त्या पहिल्या निवडणुकीतच दुसरी एक गोष्ट घडली होती, जी मला बीएलओ असताना रोज आठवायची. सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, असं लिहून आलं होतं. सेन म्हणाले, नाव हवं. पुढच्या निवडणुकीला त्यातल्या बऱ्याच जणी नावानिशी आल्या. म्हणजे मतदार होण्याची पहिली पायरी आहे आपलं नाव कुणीतरी नीट लिहून घेणं. सत्तर वर्षं झाली, आमची गाडी त्याच पायरीवर अडली आहे. आता बायका नाव सांगतात. लिहून घेणाऱ्याला ते लिहिता येत नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण लोकांना ही किरकोळ गोष्ट वाटते. एक नाव घ्या: जुबेदा. मराठीत 'ज'चे दोन उच्चार आहेत, जहाजातला आणि जगातला, पण अक्षर एकच. म्हणून कुणी 'जुबेदा' लिहितो, कुणी 'झुबेदा'. उत्तर प्रदेशात काढलेल्या आधारवर ते हिंदीत नुक्ता देऊन 'ज़ुबैदा' असतं. इंग्रजीत झेडने, कधी जेने, मध्ये ए आणि आय, किंवा नुसता ई. मग संगणक इंग्रजीवरून मराठी करतो, आणि यादीत 'झुबैडा' छापून येतं. एकाच बाईची पाच नावं झाली आणि ती पाचही चुकीची नाहीत, फक्त एकमेकींशी जुळत नाहीत. आता पुढचं. महाराष्ट्राच्या पद्धतीत आडनाव आधी. आमच्या उत्तरेकडून आलेल्या बायकांना आडनावच नसतं. खातून, बानो, बेगम, बी ही काही आडनावं नव्हेत. अर्जातला रकाना मात्र रिकामा सोडता येत नाही असं लिहून घेणाऱ्याला वाटतं, मग तो 'खातून' आडनाव करतो आणि नवऱ्याचं पहिलं नाव मधलं करतो. पुढच्या वेळी दुसरा बसतो तो नवऱ्याचं नाव आडनाव करतो. एका घरात नवरा शेख, बायको खातून, मुलगा मोहम्मद, आणि मुलगी 'इस्माईल'. अशी घरं मी स्वतः तपासली आहेत आणि कबूल करते, पहिल्या वर्षी मीही अशी दोन-चार नावं बिघडवली. दुपारचे तीन, पत्र्याखाली उभं, शंभर घरं बाकी. कोण उच्चार विचारत बसतं?

मतदानाच्या दिवशी काय होतं? बाई बुरखा इस्त्री करून, मुलाला शेजारी ठेवून केंद्रावर येते. बाहेरच्या टेबलावरचा पोरगा यादीत 'ज' बघतो. नाव 'झ'मध्ये असतं. किंवा यादीच्या दुसऱ्याच भागात, शेवटच्या पुरवणीत. "नाव नाही, आंटी." आंटी घरी जाते. पुढच्या खेपेला ती येत नाही, आणि तिच्या सुनाही येत नाहीत. मग निकालानंतर आपण लेख लिहितो की झोपडपट्टीत मतदान कमी का झालं, या लोकांना लोकशाहीची किंमत नाही. किंमत तिने दिली होती, रोजाचे चारशे रुपये सोडून आली होती.

उपनगरात या गोष्टीला किती वजन आहे ते आकड्यात सांगते. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. अंधेरी पूर्व, अंधेरी पश्चिम, जोगेश्वरी, वर्सोवा, गोरेगाव, दिंडोशी, एवढा पसारा, आणि फरक अठ्ठेचाळीस. आमच्या एका गल्लीत 'ज' आणि 'झ'च्या भानगडीत यापेक्षा जास्त बायका परत जातात. कोण जिंकलं, कोण हरलं, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. अठ्ठेचाळीस हा आकडा प्रत्येक निवडणूक कार्यालयाच्या भिंतीवर लावायला हवा, एवढंच.

आता पक्षांकडे वळू. मतदाराला कोणती भाषा कळते हे मुंबईत एका जमातीला अचूक ठाऊक आहे, ती म्हणजे उमेदवारांची. २०१९ला वरळीत आदित्य ठाकरे उभे राहिले तेव्हा 'केम छो वरळी' असे फलक लागले. जानेवारी २०२१मध्ये शिवसेनेने जोगेश्वरीत गुजराती मेळावा घेतला आणि जिलेबी-फाफड्याची घोषणा गाजली. त्याच सुमारास उर्दू दिनदर्शिकेवरून गदारोळ झाला. गदारोळ करणाऱ्या भाजपने २०२४ला योगी आदित्यनाथांना मुंबईत आणून हिंदीत सभा घेतल्या, बोरिवली-मुलुंडमध्ये त्यांचे कार्यकर्ते गुजरातीत दार वाजवतात, आणि छठपूजेला जुहूच्या वाळूवर सगळ्या पक्षांचे मंडप असतात. याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट म्हणते, शाबास. ज्याचं मत हवं त्याच्या भाषेत बोलावं, हे शहाणपण आहे. मग तेच शहाणपण निवडून आल्यावर कुठे जातं? मत मागायला पाच भाषा आणि मताचा हक्क सांगायला एक, तीही कुणाला न कळणारी?

आणि सरकारला या भाषा येत नाहीत असं तर नाहीच. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. त्याच शाळांचे शिक्षक बीएलओ होतात. त्याच शाळांत मतदान केंद्रं असतात. माझ्या वर्गात भिंतीवर अलिफ-बे-पेचा तक्ता होता. मतदानाच्या दिवशी त्याच तक्त्याखाली यंत्र मांडलं जायचं आणि बाहेर 'मतदारांनी ओळखपत्रासह उपस्थित राहावे' असा कागद लागायचा, फक्त मराठीत. उर्दू शाळेतली उर्दू शिक्षिका उर्दू वाचणाऱ्या बाईच्या दारात मराठी अर्ज घेऊन उभी आहे, आणि दोघी हिंदीत बोलताहेत. याला काय म्हणायचं? मी तरी याला व्यवस्था म्हणत नाही.

"मग मराठी शिका ना!" हे ऐकू येतंच आहे. शिकावंच. मुंबईत तीस वर्षं राहून मराठी न शिकणाऱ्याबद्दल मलाही राग येतो, आणि तो मी तोंडावर बोलते. पण मत हे मराठी शिकल्याचं बक्षीस नाही. राज्यघटनेचं ३२६वं कलम उघडा: नागरिक असावा, अठरा पूर्ण असावीत, कायद्याने अपात्र नसावा. भाषेची अट नाही, शिक्षणाची नाही. इंग्रजांच्या काळात शिक्षण, मालमत्ता, कर बघून मत मिळायचं. ते आपण मोडलं. आता दारातल्या नोटिशीने तीच परीक्षा मागच्या दाराने आणायची का? गेल्या वर्षी जून संपता संपता मीरा रोडला मराठीवरून मिठाईवाल्याला मारहाण झाली. अशा वातावरणात कुणी 'नोटीस हिंदीतही द्या' म्हटलं तर तो मराठीद्रोही ठरतो. मारून मराठी शिकवता येत असती तर मला अठ्ठावीस वर्षं लागली नसती.

जे मित्र मराठीच्या नावाने हा विरोध करतात त्यांना माझा एकच प्रश्न आहे. बेळगावचं काय? बेळगाव, खानापूर, निपाणीचे मराठी लोक सत्तर वर्षं काय मागताहेत? सरकारी परिपत्रकं, उतारे, फलक मराठीतही द्या. आणि ते कशाच्या आधारावर मागतात? भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या संरक्षणाच्या. १९५६ साली राज्यं भाषेवर वाटली गेली तेव्हाच घटनेत ३५०-ब कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमायची तरतूद झाली. पुढे असं ठरलं की एखाद्या भागात पंधरा ते वीस टक्के लोकांची भाषा वेगळी असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही छापाव्यात. बेळगावात हे सांगताना आपला गळा दाटून येतो, एक नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळतो. मग घाटकोपर आणि जोगेश्वरीच्या वस्त्यांत तोच नियम ऐकला की कान का बंद होतात? बेळगावचा मराठी माणूस ज्या फांदीवर बसला आहे ती मुंबईत बसून तोडू नका.

कायदा आड येतो असंही नाही. मतदार नोंदणीच्या १९६०च्या नियमांत यादी कोणत्या भाषेत किंवा भाषांत काढायची हे ठरवायचा अधिकार निवडणूक आयोगाला दिलेला आहे. 'भाषांत', अनेकवचन. विधानसभेत ठराव नको, घटनादुरुस्ती नको, एक आदेश पुरे. आणि मराठी राजभाषा असताना दुसरी भाषा खाली लिहिली तर चालतं का, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच महाराष्ट्राच्या प्रकरणात दिलं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं, १९५६पासूनची पद्धत. एका माजी नगरसेविकेने त्याला आव्हान दिलं. १५ एप्रिल २०२५ला न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनी सांगितलं की २०२२चा स्थानिक प्राधिकरणांचा राजभाषा कायदा मराठी सक्तीची करतो, दुसरी भाषा जोडायला बंदी करत नाही. आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची असते. निकाल पाटीचा आहे. पण पाटीवर उर्दू चालत असेल तर माणसाचं नाव यादीतून काढण्याच्या नोटिशीवर चार ओळी का चालू नयेत?

अमेरिकेचं उदाहरण देते, कारण ते दिल्याशिवाय आपल्याकडे कुणी ऐकत नाही. तिथल्या मतदान हक्क कायद्यात १९७५ला दुरुस्ती झाली. एखाद्या भागात इंग्रजी नीट न येणारे, एका भाषेचे, मतदानाच्या वयाचे नागरिक दहा हजारांवर किंवा पाच टक्क्यांवर गेले आणि ते शिक्षणात मागे असले, की तिथल्या निवडणूक कार्यालयाला सगळे कागद त्या भाषेत द्यावेच लागतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये म्हणूनच २०१३पासून मतपत्रिकेवर बंगाली आहे. त्याने इंग्रजी बुडाली नाही. आणि तिथला मतदार दुसऱ्या देशातून येऊन नागरिक झालेला असतो. आमची गोंड्याची बाई जन्माने याच देशाची आहे. ती जिल्हा बदलून आली आहे, देश नाही.

इथवर वाचून माझ्या मोहल्ल्यातले काही जण खूश झाले असतील. थांबा, आता तुमच्याकडे येते.

आमच्याकडे निवडणूक आली की 'उर्दू में फॉर्म दो' अशी मागणी निघते, जुम्म्याला बोललं जातं, निवेदन दिलं जातं, फोटो छापून येतो. मग काय होतं? काही नाही. कारण मागणाऱ्याला फॉर्म नको असतो, फोटो हवा असतो. खरंच फॉर्म हवा असता तर निदान हे बघितलं असतं की वस्तीत उर्दू वाचतं कोण. ज्या बाईची गोष्ट सांगितली तिला उर्दू वाचता येत नाही. ती मुसलमान आहे, घरात अवधी बोलते, आणि थोडंफार वाचते ते देवनागरीत. तिच्या शेजारी मुर्शिदाबादचं कुटुंब आहे, त्यांना बांगला लागते. माझ्या खेडच्या आजीला उर्दू पत्रक दिलं असतं तर तिने ते आदराने कपाळाला लावून फडताळात ठेवलं असतं, कुरआनाच्या लिपीसारखं दिसतं म्हणून. मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण आमच्या शत्रूंनी मांडलं आणि आमच्या पुढाऱ्यांनी ते जपून ठेवलं. इंग्रजी शाळेत जाणारी आमची नवी पोरं तर उर्दूत स्वतःचं नावसुद्धा लिहू शकत नाहीत. उर्दूवर माझं प्रेम आहे, आयुष्य तिच्या शाळेत गेलं. पण मतदाराचा कागद प्रेमापोटी छापायचा नसतो, वाचणाऱ्यासाठी छापायचा असतो. साकीनाक्याच्या एका गल्लीत उर्दू लागेल, दुसरीत हिंदी, मुलुंडला गुजराती, आणि सगळीकडे सोपी मराठी. हे ठरवायला वस्तीत फिरावं लागतं. स्टेजवरून दिसत नाही.

आणि एक विचारते, नमुना ७ आमच्यातले किती कार्यकर्ते ओळखतात? नवं नाव घालायचा ६, हरकतीचा ७, दुरुस्तीचा आणि पत्ता बदलायचा ८. तीन आकडे. शादीच्या हॉलचं भाडं ज्यांना तोंडपाठ आहे त्यांनी हे तीन आकडे पाठ करायला काय हरकत आहे?

ही घाई का करते आहे ते सांगते. जून २०२५मध्ये बिहारमध्ये मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. १ ऑगस्टला जी प्रारूप यादी निघाली तीत सुमारे पासष्ट लाख नावं नव्हती. नोव्हेंबरपासून ते आणखी बारा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत गेलं. त्यात वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीशी नाव जुळवावं लागतं, आपलं नाहीतर आईबापांचं. आमच्या डोंगरावर याचा अर्थ काय? बाईचं नाव मुंबईच्या यादीत मराठीत, बापाचं गोंड्याच्या यादीत हिंदीत. शेजारणीचा बाप मुर्शिदाबादच्या यादीत बांगला लिपीत. 'ज' आणि 'झ' जुळत नाहीत तिथे तीन लिप्या कोण जुळवणार?

मुंबईने हे एकदा पाहिलं आहे, आणि विसरलीही आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे दीड लाखांहून अधिक मतदारांवर परदेशी असल्याचा संशय घेतला गेला, पोलिसांच्या अहवालावर. पुरावे म्हणून जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा नोंदवहीतली नोंद एवढंच चालेल असं सांगितलं. झोपडपट्टीत जन्मदाखला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लाल बाबू हुसेन खटल्याचा निकाल ६ फेब्रुवारी १९९५चा आहे. नाव आधीपासून यादीत असेल तर त्याला वजन आहे, माणूस देईल तो सगळा पुरावा बघायला हवा, त्याला कारण सांगून म्हणणं मांडायची खरी संधी द्यायला हवी, असं न्यायालयाने बजावलं. खरी संधी. जी नोटीस वाचता येत नाही ती संधी आहे का? माझ्या मते नाही. आणि हे न्यायालयात कुणी मांडलं तर मी साक्षीला उभी राहीन, वाळवलेला तो कागद घेऊन.

आता तर भाषा हाच संशय झाला आहे. २०२५च्या जूनमध्ये मीरा रोडहून बांगला बोलणाऱ्या मजुरांना उचलून सीमेपार ढकललं गेलं, आणि त्यातले काही मुर्शिदाबादचे भारतीय निघाले म्हणून परत आणावं लागलं. ज्या भाषेत रवींद्रनाथांनी राष्ट्रगीत लिहिलं, ती बोलणं हाच गुन्ह्याचा पुरावा! अशा दिवसांत कुठला मजूर कार्यालयात जाऊन 'मला मराठी वाचता येत नाही, बांगलात समजावून सांगा' म्हणेल? तो दारावरचा कागद भिजवून काढेल आणि पेटीत ठेवेल.

मी फार मोठं मागत नाही. नोटिशीच्या डोक्यावर, मोठ्या अक्षरात, वस्तीतल्या भाषांत एकेक ओळ: 'हा कागद घर तोडण्याचा नाही. तुमचं नाव मतदार यादीतून निघू शकतं. या तारखेला या ठिकाणी या.' खाली हवी तेवढी कार्यालयीन मराठी लिहा. नाव लिहून घेताना बाईला एकदा मोठ्याने वाचून दाखवा. आणि मराठीतलं ते 'विलोपन' काढा, मराठीवर उपकार होतील.

त्या बाईचं काय झालं? नाव निघालं होतंच. आम्ही नमुना ६ भरला. नाव परत आलं ते ऑगस्टमध्ये. जानेवारीत जवळपास नऊ वर्षांनी पालिकेची निवडणूक झाली, पण तिच्यासाठी १ जुलै २०२५ची विधानसभेची यादी धरली होती. १५ जानेवारीला सून मत देऊन आली आणि सासू दारात बसून तिच्या बोटावरची शाई बघत होती. नव्या कार्डावर तिचं नाव आधीपेक्षा वेगळं छापलंय, त्यामुळे आता नमुना ८ भरायचा आहे.

रविवारी सकाळी दहा ते एक मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसते. जुनं-नवं कार्ड, आधार, आणि गावच्या यादीत आईबापांचं नाव असेल तर त्याचा फोटो घेऊन या. दाराला कागद लागला असेल तर फाडू नका, तोही आणा.